विहिरीकडचा बरका

पेज आईच्या तोंडात गेली, उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून तशीच बाहेर आली, हनुवटीवरून ओघळून गळ्यावर उतरली, आणि मी हसले. तोंडातल्या तोंडात नाही, चांगली खळखळून हसले. तिला बघायला वाडीतली पंधरा-वीस माणसं खळ्यात जमली होती. बायका पडवीच्या कडेला, पुरुष जोत्यावर. फक्त माझं हसणं ऐकू येत होतं आणि मला ते थांबवता येईना. आईने माझ्याकडे बघितलं नाही. तिने पदराने हनुवटी पुसली, वाडगा उचलला आणि घराला वळसा घालून मागे गोठ्यात गेली. आतेने माझ्या पाठीत धपाटा घातला तेव्हा मी थांबले. आई मात्र त्या दिवसापासून माणसांत जेवायची थांबली.

नात म्हणते, आजी, हे असं सुरुवातीलाच लिहू नकोस, वाचणाऱ्याला तू वाईट वाटशील. वाटू दे. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते, चौथी झाल्यावर शाळा सुटली होती आणि आईला मी तीन महिने बघितलं नव्हतं. मुंबईला गेली ती एक बाई होती आणि बाबांच्या मागून एसटीतून उतरून आली ती दुसरीच. पदर नाकापर्यंत ओढलेला. तो खाली झाला तेव्हा दिसलं, उजवा गाल आत बसलेला, खाणीतून चिरे काढून नेल्यावर जमीन दिसते तसा. हनुवटी एका बाजूला सरकलेली. गळ्याची कातडी विजेच्या शेकाने, म्हणजे रेडिएशनने, काळी पडून सालपटं निघालेली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्या बाजूचा खालचा जबडा काढून टाकला होता. आजार कॅन्सरचा होता, पण ते नाव घरात कुणी घेत नसे. "तो आजार" म्हणत. मी हसले ते ती मजेशीर दिसली म्हणून नाही. का हसले ते मला आजही सांगता येणार नाही. भीती पोटातून वर येते तेव्हा ती कुठल्या वाटेने बाहेर पडेल हे आपल्या हातात नसतं, एवढंच मला कळलंय.

बाबा मुंबईला एका छापखान्यात कामाला होते. चौथ्या दिवशी ते परत गेले. जाताना आतेला म्हणाले, "आक्का, खायाला घाल तिला. डाक्तर बोलला, आता औषध काय ता खाणाच." आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी आलेली, आमचं घर तीच चालवायची. हाडाची वाईट नव्हती, पण तिच्या डोक्यात एक गोष्ट शिरली की पाय रोवून बसायची. आईचा आजार लागट आहे असं तिने ठरवलं. कुणी सांगितलं होतं असं नाही. देवीचा फोड लागतो, खरूज लागते, मग जबडा खाणारा आजार लागणार नाही होय, असा तिचा सरळ हिशोब. तिने आईचं ताट, वाडगा आणि तांब्या वेगळा केला. तांब्याच्या गळ्याला तांबडी चिंधी बांधली. आईने ती चिंधी बघितली. बोलली असती तरी कळलं नसतं. प नाही, ब नाही, म नाही. मला ती शेवंते म्हणून हाक मारायची, तिची आता "एंते" झाली होती.

आधीची आई कशी होती ते लिहायला हवं, नाहीतर काय गेलं ते कळणार नाही. आईचं सगळं तोंडात होतं. तिचा आवाज एवढा मोठा की ती पऱ्ह्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या मळ्यात उभी राहून हाक मारायची आणि आमची तांबू गाय मान वर करून घराकडे चालू लागायची. दुसरं म्हणजे तिची जीभ. फणसाच्या दिवसांत वाडीतल्या बायका बरक्या फणसाचा रस काढून साठं घालायच्या, म्हणजे रोवळीतून रस गाळून तो सुपावर पसरून उन्हात वाळवायचा, त्याची पोळी होते. बरका म्हणजे मऊ, बुळबुळीत गऱ्यांचा फणस. पाहुण्याला कडक गऱ्यांचा कापा देतात, बरका घरच्यांनी खायचा. तर कुठल्या झाडाचा रस साठांना घ्यायचा, कुठला पाणचट, कुठल्याला गूळ लागेल, हे आई एक बोट चाटून सांगायची. बायका वाटी घेऊन यायच्या. "सरूवैनी, चाखून सांग गो." आई बोट बुडवायची, डोळे मिटायची आणि जे असेल ते तोंडावर सांगायची. शेजारच्या पारूकाकीच्या फणसाला ती दर वर्षी नावं ठेवायची आणि पारूकाकी दर वर्षी वाटी घेऊन यायची.

आणि तिसरी मशेरी. सकाळी चूल पेटली की पहिला तवा मशेरीचा. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, मग हाताने चुरायची. ती भाजायचं काम माझं. त्या धुराचा वास गोड असतो, कडूही असतो, आणि डोकं जरा हलकं करतो. माझ्या लहानपणाची सगळी सकाळ त्या वासात आहे. अर्धी झोप, अर्धा धूर, गोठ्यात धार काढल्याचा आवाज, आणि उंबऱ्यावर उकिडवी बसून दात घाशीत असलेली आई, बोट गालात, नजर कुठेतरी लांब. सुखी दिसायची. तिला त्या वेळी काही विचारलं तर ती हुंकार द्यायची. आमच्यात सगळ्या बायका मशेरी लावायच्या. मीही लावत होते, दहाव्या वर्षापासून.

आता आई गोठ्यात जेवायची. तांबूच्या पलीकडे, गवताच्या भाऱ्यामागे, भिंतीकडे तोंड करून. आते वाडगा गोठ्याच्या दारात ठेवून खोकायची आणि निघून यायची. मी मागच्या कुडाच्या फटीतून बघायचे. ते बघणं बरं नव्हे हे कळत होतं, तरी रोज जायचे. दुपारची वेळ. चैत्र संपत आलेला, वारा पडलेला, कौलं तापून तडतडायची. गोठ्यात अंधार असायचा आणि फटींतून आलेल्या उन्हाच्या रेघा धुळीत उभ्या असायच्या. तांबू रवंथ करायची, तिच्या जबड्याचा आवाज संथ, एकसारखा यायचा, आणि तिच्या शेजारी आई मान कधी इकडे कधी तिकडे कलती करून एक एक घोट आत ढकलायचा प्रयत्न करायची. घोट घेतला की तांब्यातलं पाणी. पुन्हा घोट, पुन्हा पाणी. शेकाने तिच्या तोंडातली लाळ आटली होती, पाण्याशिवाय तिला दोन शब्दही बोलता यायचे नाहीत. बघता बघता मला पेंग यायची. कधीकधी गाय कोण आणि आई कोण तेच कळेनासं व्हायचं, अंधारात फक्त एक मोठं तोंड हळूहळू हलत राहायचं. जागी व्हायचे तेव्हा आई निघून गेलेली असायची आणि वाडग्यातलं उरलेलं तांबूपुढे ओतलेलं असायचं.

उरलेलं रोज वाढत गेलं. पहिल्यांदा पाव वाडगा, मग अर्धा, मग आई नुसतीच वाडगा घेऊन बसायची आणि सगळं गाईला घालायची. ते मी कुणाला सांगितलं नाही. आतेला वाटत होतं वाडगा रिकामा येतोय म्हणजे सगळं ठीक आहे. पण आईचा खांदा चोळीतून टोचायला लागला, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या, तेव्हा तिच्याही लक्षात आलं.

"सरू, काय होताय गो तुला? दुखताय काय?" आतेने विचारलं.

आईने मान हलवली. दुखत नाही.

"मंग अन्न का जाईत नाय?"

आईने पाण्याचा घोट घेतला आणि काहीतरी म्हणाली. आते माझ्याकडे बघायला लागली. आईचं बोलणं घरात मलाच पहिल्यांदा कळायला लागलं होतं.

"राख लागते म्हणते," मी म्हटलं. "काय पण खाल्ला तरी राख."

मग आते पेटली. एक दिवस कुळथाची पिठी, भरपूर लसूण घालून. एक दिवस बांगड्याचं तिखट सार. त्या तिखटाने आईच्या तोंडाला आग लागली, ती विहिरीवर जाऊन अर्धी कळशी पाणी प्यायली. एक दिवस देवळात कौल लावला. उजवा मिळाला, देव म्हणाला सगळं बरं होईल, आणि त्या दिवशीही वाडगा तांबूनेच खाल्ला. पारूकाकी येऊन जोत्यावर टेकायची आणि अक्कल शिकवायची.

"तिला लाज वाटते गो आक्का. मी असते तर मी पन नसते जेवले. तोंडाचा असा झाल्यावर…"

"तुझा तोंड होता तसाच हाय, तरी कोण बघताय?" आते म्हणायची. "गप बस. ऐकू जाईल तिला."

ऐकू सगळं जायचं. कान शाबूत होते. माणसाचं तोंड बिघडलं की लोक त्याच्याशी मोठ्याने बोलतात किंवा त्याच्यासमोर ते नसल्यासारखं बोलतात, हे मी तेव्हा बघितलं आणि पुढेही पुष्कळदा बघितलं. आई दिवसभर मागच्या पडवीत बसायची. आरसा तिने पहिल्याच दिवशी काढून तांदळाच्या कणगीत पुरला होता. इस्पितळातून तिला पातळ लाकडी पट्ट्या दिल्या होत्या, एकावर एक रचून दातांत धरायच्या, म्हणजे तोंड आखडत नाही. ती त्या पट्ट्या तोंडात धरून बसायची, दोन, तीन, चार, आणि समोरच्या फणसाकडे बघत राहायची. विहिरीकडचा बरका. त्या वर्षी खोडाला खालपासून फणस लागले होते. आइस्क्रीमची काडी दिसली की मला अजून ती पडवी आठवते, ऊन, बुलबुलाचा आवाज, आणि लाकूड चावत बसलेली माझी आई, जिला त्यावाचून दुसरं काहीच चावायला उरलं नव्हतं.

ती मरणार हे मला कळलं होतं. मोठ्या माणसांना कळायच्या आधी कळलं होतं, कारण वाडगा कोण खातंय ते मला माहीत होतं. आणि मी हसले म्हणून ती मरणार, असं मी धरून चालले होते. तेव्हा मी एक उद्योग सुरू केला. विहिरीच्या मागे बसून आईसारखं जेवून बघायचे. उजवा गाल सैल सोडायचा, चावायचं नाही, ओठ मिटायचे नाहीत. पेज घेतली की गळायची. भात घेतला की टाळ्याला चिकटायचा. एकदा ठसका लागून पेज नाकातून आली. आठ-दहा दिवसांत मला एवढं कळलं की पातळ बाहेर येतं, घट्ट अडकतं आणि मान एका बाजूला नीट कलती केली तर थोडं आत जातं. पण कुठल्या बाजूला ते मला ठरवता येईना.

ते मला आईनेच दाखवलं, आणि ज्या दिवशी दाखवलं त्या दिवशी मी गोठ्यामागे मशेरी लावत होते. हो, आईचा जबडा गेला तरी मी मशेरी लावत होते. दुपारी चोरून लावायचे. बोट गालात होतं आणि वर बघितलं तर आई उभी. मला वाटलं, आता मार. तिने मारलं नाही. माझं ते काळं बोट तिने आपल्या पदराने पुसलं, नीट, नखासकट, आणि धरून आपल्या तोंडात घातलं.

उजवीकडे काही नव्हतं. दातांची ओळ असायला हवी तिथे नुसती मऊ कातडी आणि तिच्यात एक जाड शिवण, गोणपाट शिवतात तशी. कोरडं होतं सगळं. मी बोट ओढायला लागले तर तिने मनगट सोडलं नाही. मग तिने ते हळूहळू डावीकडे नेलं. तिथे दात होते. जीभ त्या बाजूला ओढून शिवलेली होती, पण जिवंत होती, माझ्या बोटाला तिने ढकललं. त्या बाजूने आत एक वाट होती. आईने माझा हात सोडला, तांब्यातलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "एवढंच उरलंय."

त्या दिवशी मशेरी सुटली असं लिहिलं तर छान दिसेल. सुटली नाही. दुसऱ्या बाळंतपणात सुटली, तीही उलट्या व्हायला लागल्या म्हणून. पण ते बोट मला आजही कधीकधी गरम लागतं.

ज्येष्ठ लागायच्या सुमारास विहिरीकडचा पहिला फणस पिकला. वास घरभर फिरायला लागला. पिकल्या बरक्याचा वास दार लावून अडवता येत नाही, तो कौलांतून येतो, झोपेत येतो. आतेने फणस खळ्यात आणला, हातांना आणि कोयतीला खोबरेल चोळलं आणि मधोमध फोडला. पारूकाकी वासावर आलीच. आम्ही तिघी भोवती बसलो. रस गाळायच्या आधी पोटभर खायचं ही रीत. ताट नाही, वाटी नाही, सगळ्यांनी एकाच फणसात हात घालायचा. गरा ओढायचा, आठळी बाजूला टाकायची, गरा तोंडात. बरका चावावा लागत नाही. तो आपला आपण घशाकडे निघतो, आपण फक्त वाट द्यायची. आणि तो खाताना कुणाचंही तोंड कोरडं राहात नाही. पारूकाकीच्या हनुवटीवरून रस ओघळून चोळीत चालला होता. आतेच्या कोपरापर्यंत धार लागली होती.

आई मागच्या पडवीतून पुढच्या पडवीत येऊन बसली होती. आमच्याकडे पाठ करून. तिला हाक कुणी मारली नाही. वाडीतलं कुणीच त्या वर्षी वाटी घेऊन आलं नव्हतं.

मी एक चांगला गरा निवडला, आठळी काढली आणि तिच्यापुढे नेऊन धरला. तिने मान हलवली. मी म्हटलं, "गिळायला लागत नाय. आपोआप जातो." तिने पुन्हा मान हलवली आणि भिंतीकडे बघायला लागली. मग मी काय केलं, तर तिच्यासमोर मांडी घातली, मान डावीकडे कलती केली, उजवा गाल सैल सोडला आणि तो गरा तोंडात टाकला. न चावता. रस ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आला, तो मी पुसला नाही. गरा डावीकडून घशात उतरला. बघ, असं मला म्हणायचं होतं.

आतेला ते आईच्या पाठीमागून दिसलं. तिला दिसली ती आईचं तोंड वाकडं करून दाखवणारी पोर.

"पुन्ना? पुन्ना हसतेस आयशीला?" ती ओरडली आणि धावत येऊन तिने माझ्या कानशिलात दिली. चोळलेलं तेल एव्हाना निघून गेलेलं, हात चिकाने भरलेला. तो हात माझ्या गालाला आणि केसांना चिकटला. आतेने ओढला तर माझे केस तिच्या हाताबरोबर निघाले. मी बोंब मारली. आते हात सोडवायला जाते तर दुसरा हातही चिकटला. पारूकाकी मधे पडली, तिचे तर दोन्ही हात चिकाचे. आता आम्ही तिघी एकमेकींना चिकटलो होतो आणि तिघी ओरडत होतो.

"तेल आण! तेल आण गो कोण तरी!"

"कोण आणील? कोण मोकळा हाय हितं?"

मोकळी एकच होती. आई उठली. खोबरेलची वाटी फणसाशेजारी होती, ती तिने उचलली, आम्हाला ढकलत खळ्यात नेऊन बसवलं आणि माझ्या केसांत तेल जिरवायला लागली. तिची बोटं माझ्या डोक्यात चार-पाच महिन्यांनी फिरत होती. बटा एक एक करून सुटल्या. मी रडत सांगत होते, "मी हसत नव्हते, मी दाखवत होते, डावीकडून कसा जाता ता दाखवत होते." आतेला काही कळेना. आईला कळलं. तिची बोटं एकदा थांबली आणि पुन्हा चालू झाली.

सगळं सोडवून झाल्यावर आई तिथेच बसली होती, आमच्यात, फोडलेल्या फणसासमोर. उठायला हवं होतं, उठली नाही. मला वाटतं तिच्या हाताला सवय होती. जन्मभर कुठलाही बरका फुटला की पहिलं बोट तिचं. तो हात पुढे गेला आणि त्याने एक गरा काढला. आठळी दाबून टाकली. आते बघत होती. तांबडी चिंधी बांधणारी, ताट वेगळं मांडणारी आते. ज्यात तिचा हात होता त्याच फणसात आता आईचा हात होता. ती तोंड उघडून काही म्हणणार होती आणि तिने ते मिटलं.

आईने मान डावीकडे कलती केली. गरा आत गेला. उजव्या कोपऱ्यातून रस निघाला आणि हनुवटीवर आला, अगदी तसाच, त्या पहिल्या दिवशीसारखा. कुणी हललं नाही. तिच्या गळ्याची काळी कातडी एकदा वर गेली, एकदा खाली आली. गेला. तिने डोळे मिटले होते. मग उघडले, पारूकाकीच्या तांब्यातलं पाणी वरून ओतून प्यायली आणि म्हणाली,

"पाणचट हाय."

प तिला म्हणता येत नव्हता, पण ते तिघींनाही कळलं.

"पाणचट?" पारूकाकी म्हणाली. "मगासधरना मी खातंय तो पाणचट? अर्धा फणस गेला की गो माझ्या पोटात!"

"तुला शेण दिला तरी तू गोडच म्हनशील," आते म्हणाली.

आईने दुसरा गरा घेतला. "दोन दिस आधी काढलात," ती आतेला म्हणाली. आतेने माझ्याकडे बघितलं, मी सांगितलं. आते भडकली. म्हणाली, मी चाळीस वर्षं फणस काढतेय, मला वासाने कळतं. आई म्हणाली, नाक गेलंय तुमचं वन्सं. तेही मी सांगितलं. आणि मग आई हसली. तिचं नवीन हसणं आम्ही कुणी बघितलं नव्हतं. ते एका बाजूने वर जायचं आणि दुसऱ्या बाजूने तोंडातलं सगळं खाली यायचं. रस तिच्या हनुवटीवर, आतेच्या हनुवटीवर, पारूकाकीच्या चोळीत, माझ्या केसांत तेल आणि चीक. मीही हसले. या वेळी कुणी उठून गेलं नाही.

आता एवढ्यावर थांबलं तर गोष्ट फार गोड होईल. आईने त्या दिवशी चार गरे खाल्ले आणि दोन ओकली. चव आली होती ती फणसापुरतीच, भात पुढे कित्येक दिवस राखच लागत होता. पण त्या महिन्यात ती बरक्यावर जगली. मी गरे रोवळीतून गाळून घट्टसर रस करायचे, ती खळ्यात बसून डावीकडून तो आत सोडायची. मग त्यात अटवल, म्हणजे मऊ गुरगुट्या भात, कालवली. मग नुसती अटवल, वरून माशाचं पातळ सार, तिखटाशिवाय. आतेने ताट पुन्हा वेगळं मांडलं नाही. मला चूक कळली, असंही ती कधी म्हणाली नाही. ते ताट तांबूच्या वासराला पाणी पाजायला गेलं. चिंधीचा तांब्या आईने स्वतः ठेवून घेतला, पाणी तिला सदा लागायचंच, म्हणाली, माझा म्हणून ओळखू येतो.

लग्नाकार्यात ती शेवटपर्यंत जेवली नाही. आरसा तांदळातून वर आला नाही, वेणी ती हातानेच चाचपून घालायची. तांबूला पऱ्ह्यापलीकडून हाक मारायचं काम माझ्याकडे आलं. बाबा गणपतीला आले तेव्हा जेवताना तिच्याकडे न बघता ताटात बघून जेवायचे. दोन दिवस तिने ते सहन केलं. तिसऱ्या दिवशी तिने त्यांच्या पानासमोर पाट मांडला, तोंडासमोर तोंड करून, आणि म्हणाली, "बघा." बाबांनी बघितलं. मग रडले. आई जेवत राहिली.

मागच्या वर्षी आमच्या वाडीतल्या रिक्षावाल्या पोराचं तसंच ऑपरेशन झालं, गुटख्याचं. बायको सांगत आली, आजी, तो दार लावून भिंतीकडे तोंड करून जेवतो, हल्ली तर जेवतच नाही. इस्पितळातून त्याला समजावायला बाई नेमून दिली होती, तिला तो हो हो म्हणायचा. मी गेले. त्याच्यासमोर बसले, माझी कवळी काढून पदरात ठेवली आणि अटवल मागितली. बोळक्या तोंडाने खाताना माझी जी दशा होते ती काही बघण्यासारखी नाही. अर्धी अटवल लुगड्यावर. तो म्हणाला, आजी, पुसा हो तोंड. मी म्हटलं, तू आधी खा, मग पुसते. समजूत घालायला मला येत नाही.

डॉक्टर बाबांना म्हणाला होता, वर्ष काढलं तर पुष्कळ समजा. हे बाबांनी आम्हाला कित्येक वर्षांनी सांगितलं. पुढे पारूकाकी तापाने गेली. बाबा निवृत्त होऊन गावी आले आणि दोन वर्षांत गेले. आते गेली तेव्हा तिच्या तोंडात शेवटचं पाणी आईने घातलं, त्याच चिंधीच्या तांब्यातून. विहिरीकडचा बरका एका वादळात आडवा झाला. पहिल्या दिवशी खळ्यात जमून माझ्या आईला बघायला आलेल्या त्या पंधरा-वीस मोठ्या माणसांच्याही मागून, सगळ्यांत शेवटी गेली ती आई.